घरच्या संगणकावर गाणं बांधताना: सिक्वेन्सरला कुठलं काम द्यायचं, कुठलं नाही

चाल तयार आहे, हार्मोनियम किंवा कीबोर्ड बऱ्यापैकी वाजवता येतो, घरात लॅपटॉप आहे आणि आता त्या चालीचं पूर्ण गाणं करायचं आहे, अशांसाठी हा लेख. भावगीत असो, अभंग असो, गणपतीची आरती असो. इंग्रजी व्हिडिओ बघून सुरुवात केली की पहिले चार दिवस सगळं सोपं वाटतं आणि मग गाडी अडते, कारण ते धडे ड्रम, बेस आणि गिटारच्या मांडणीसाठी केलेले असतात. ठरलेल्या पट्टीवरचे स्वर आणि ठरलेल्या अंतरावरचे ठोके यांत सिक्वेन्सर (स्वर, ठोके आणि आवाज ओळीने नोंदवून परत वाजवणारं सॉफ्टवेअर) पक्का असतो. आपलं गाणं बरंचसं दोन स्वरांच्या आणि दोन मात्रांच्या मधे घडतं, आणि तिथे तो कच्चा पडतो. म्हणून कोणतं काम संगणकाला द्यायचं आणि कोणतं माणसाकडून वाजवून घ्यायचं, ही वाटणी आधी करावी लागते.

लागणारी सामग्री

- संगणक: ८ जीबी रॅमवर काम सुरू होतं. सॅम्पल केलेली वाद्यं (खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रित स्वर वाजवणारी) भरपूर वापरायची असतील तर १६ जीबी घ्या. एसएसडी हवीच, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर मोठी वाद्यं लोड व्हायला वेळ लागतो आणि वाजताना अडखळतात.
- ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी: दोन इनपुट, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आणि डायरेक्ट मॉनिटरची (माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये देण्याची) सोय असलेला.
- माइक: घर रस्त्यालगत असेल तर डायनॅमिक, तो लांबचे आवाज कमी पकडतो. शांत खोली असेल तर कंडेन्सर, तो बारीकसारीकही टिपतो.
- तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन.
- यूएसबी कीबोर्ड. घरात यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेतला किंवा तसा दुसरा कीबोर्ड असेल तर वेगळा घ्यायची गरज नाही. मागचं ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं भोक बघा. तिथे बहुतेक प्रिंटरची केबल बसते.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. आणि बॅकअपसाठी एक वेगळी डिस्क.

१. सिक्वेन्सर नेमकं काय साठवतो ते समजून घ्या

सिक्वेन्सरमध्ये दोन प्रकारचा माल असतो. एक ऑडिओ, म्हणजे माइकमधून आलेला खरा आवाज. दुसरा मिडी. १९८३ मध्ये आलेल्या या पद्धतीत आवाज साठवलेलाच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच नोंद असते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, जोराला १ ते १२७, आणि एका जोडणीवर १६ चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांसाठी वेगळे मार्ग.

सिक्वेन्सरची मोठी ताकद इथूनच येते. चुकलेला स्वर माउसने सरकवता येतो, गती बदलली तरी आवाज फाटत नाही, सगळं गाणं एका आज्ञेत दुसऱ्या पट्टीत नेता येतं, हार्मोनियमसाठी वाजवलेला तुकडा बासरीला देता येतो.

अडचणही त्यातूनच येते. नुसती मिडी फाइल मित्राला पाठवलीत तर त्याच्याकडे ती भलतीच वाजेल, कारण वाद्यं तुमच्या संगणकात राहिली. कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य हे ठरवणारी ‘जनरल मिडी’ यादी १९९१ मध्ये आली. त्यात १२८ वाद्यं आहेत. १०५ क्रमांकाला सतार आहे, ११२ ला सनई आहे, पण तबला नाही. हार्मोनियमही त्या नावाने नाही, जवळचं म्हणजे २१ क्रमांकाचं रीड ऑर्गन. दहावं चॅनेल ड्रमसाठी राखीव. म्हणजे तबल्याचा तुकडा त्या चॅनेलवर गेला तर समोरच्याला काँगा आणि झांजांचा गोंधळ ऐकू येणार.

विंडोजमधला अंगभूत मिडी आवाज, ‘मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ’, फक्त फाइल ऐकून बघण्यापुरता ठीक आहे. पट्टी दाबल्यावर तो इतक्या उशिरा वाजतो की त्यावर वाजवणं अशक्य.

२. सॉफ्टवेअर निवडा

या पायरीवर महिनोन् महिने घालवणारे लोक खूप आहेत. तेवढा वेळ देण्यासारखी ती नाही.

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, तिथून सुरू करा. पुढे लॉजिक प्रोमध्ये तेच प्रोजेक्ट उघडतं. विंडोज असेल तर रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा. दिसायला ते रुक्ष आहे आणि सोबत वाद्यांचा साठा जवळपास नाहीच, वाद्यं तुम्हाला जमवावी लागतात. पण तालाची मात्रा-विभागणी आणि गतीचे बदल यांत ते फार लवचीक आहे, आणि आपल्याला नेमकं तेच लागतं.

एफएल स्टुडिओ ठेक्याचे नमुने रचायला वेगवान आहे. मात्र त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेलं प्रोजेक्ट परवाना घेतल्याशिवाय परत उघडत नाही, आणि सगळ्यात स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्तीत ऑडिओ ध्वनिमुद्रण नाही. विकत घेण्याआधी हे दोन्ही ध्यानात ठेवा. एलएमएमएस फुकट आहे, पण त्याच्या १.२ आवृत्तीतही गळा ध्वनिमुद्रित करता येत नाही. ऑडॅसिटी हे सिक्वेन्सर नव्हेच; आवाज कापायला-जोडायला उत्तम, पण मिडीवर काम करायची सोय त्यात नाही.

प्लगइन (सिक्वेन्सरमध्ये जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) उतरवताना प्रकार बघा. लॉजिक आणि गॅरेजबँडला फक्त ‘एयू’ प्रकार चालतो, विंडोजवर ‘व्हीएसटी’. जुन्या फुकट तबला-सतारीच्या प्लगइनपैकी बरीच ३२ बिटची असतात आणि आजच्या ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाहीत. इन्स्टॉल केलं, पण यादीत नाही, असं झालं तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या.

३. उशीर मोजा आणि कमी करा

पट्टी दाबल्यापासून आवाज कानात येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. त्याचा मोठा भाग बफरवर, म्हणजे संगणक आवाजाच्या किती नोंदी (सॅम्पल) एका वेळी गोळा करून पुढे पाठवतो त्यावर, ठरतो. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नोंदी) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. हा एका दिशेचा हिशेब. माइकमधून आत जाऊन हेडफोनमध्ये परत येणाऱ्या आवाजाला जवळपास दुप्पट आणि वर थोडा. दहाच्या आत बहुतेकांना जाणवत नाही. वीसच्या पुढे गेलं की द्रुत लयीत वाजवणारा नकळत मागे पडतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

- विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा ‘आसियो’ ड्रायव्हर टाका. इंटरफेस नसेल तोवर ‘आसियो फॉर ऑल’ कामचलाऊ आहे. मॅकवर वेगळं काही लागत नाही.
- वाजवताना आणि गाताना बफर १२८ ठेवा. कडकड आवाज आला तर २५६.
- मिक्सिंगच्या वेळी १०२४. तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि संगणकावरचा ताण उतरतो.
- गाताना इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू राहिलं की स्वतःचा आवाज दुहेरी ऐकू येतो.
- ब्लूटूथ हेडफोनवर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिक्स ऐकायलाही तो नको, कारण त्यात आवाज आकुंचित होऊन येतो.

संगणक उशिराची भरपाई बरोबर करतो की नाही, तेही एकदा तपासा. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटमध्ये लावा, मेट्रोनोमचा ठोका ऑडिओ म्हणून वाजवून परत ध्वनिमुद्रित करा, आणि दोन्ही लहरी मोठ्या करून शेजारी बघा. नवा ठोका २४० सॅम्पल मागे दिसला तर ४८ किलोहर्ट्झला ती ५ मिलिसेकंदांची चूक. रीपरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये तेवढी भरपाई हाताने भरता येते. एकदाच करायचं काम आहे. केलं नाही तर प्रत्येक ध्वनिमुद्रण किंचित मागे राहील, आणि ‘गाणं ओढल्यासारखं का वाटतंय’ हे कधीच कळणार नाही.

४. सूर ठरवा, मगच पुढे जा

गायकाला सोबत घेऊन पट्टी ठरवा. सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी नावं दाखवतं, म्हणून हे कोष्टक जवळ असू द्या: पांढरी १ म्हणजे सी, काळी १ सी शार्प, पांढरी २ डी, काळी २ डी शार्प, पांढरी ४ एफ, काळी ३ एफ शार्प, पांढरी ५ जी, काळी ४ जी शार्प, काळी ५ ए शार्प.

सप्तकाच्या आकड्यावर विसंबू नका. मधला सी काही सॉफ्टवेअरमध्ये सी ३ असतो, काहींत सी ४. पट्टीचा मिडी क्रमांक मात्र सगळीकडे ६०. म्हणजे काळी १ चा षड्ज ६१.

पियानो रोलमध्ये, म्हणजे मिडीचे स्वर आडव्या पट्ट्यांत दाखवणाऱ्या खिडकीत, डाव्या बाजूच्या पट्ट्यांना नावं देता येतात. रीपरमध्ये ‘नेम्ड नोट्स’चं दृश्य उघडून ६१ ला सा, ६३ ला रे, ६५ ला ग अशी नावं एकदा भरून ठेवलीत की पुढचं काम किती तरी हलकं होतं. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचं स्वरलेखन ही सॉफ्टवेअर छापून देत नाहीत. ते वहीतच ठेवावं लागेल.

काळी १ चं गाणं काळी ४ ला न्यायचं असेल तर मिडीचे सगळे तुकडे निवडून ७ स्वरस्थानं वर किंवा ५ खाली सरकवा, काम दोन सेकंदांचं. ऑडिओला हे लागू नाही. तबला ध्वनिमुद्रित झाला असेल तर तो काळी १ लाच लावलेला राहणार. एखादं स्वरस्थान वर-खाली केलं तर खपून जातं. तीन-चार स्वरस्थानं चढवलीत तर दायाँ खेळण्यातल्यासारखा वाजतो.

कीबोर्डवरचं ट्रान्स्पोज बटण शून्यावर ठेवून वाजवा. नाहीतर कीबोर्डने एकदा आणि सॉफ्टवेअरने एकदा असा दुहेरी बदल होतो आणि तो शोधण्यात अर्धा दिवस जातो.

५. ताल आणि गती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश.

सॉफ्टवेअरमधला बीपीएमचा आकडा बहुतेक ठिकाणी ‘क्वार्टर नोट’ मोजतो. सोपा नियम असा: एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट, असंच धरा. म्हणजे दादरा ६/४, रूपक ७/४, केरवा ८/४, झपताल १०/४, एकताल १२/४, त्रिताल १६/४. मग बीपीएमचा आकडा आणि तालयंत्रावरचा मात्रांचा आकडा एकच राहतो. बाजारात मिळणारे केरव्याचे लूप (परत परत फिरवायचे तयार तुकडे) मात्र बहुधा ४/४ मध्ये, मात्रेला ‘एट्थ नोट’, म्हणजे अर्धी क्वार्टर नोट, धरून बांधलेले असतात. त्यावर ९० लिहिलं असेल तर तुमच्या हिशेबात ती १८० मात्रांची गती आहे. लूप दुप्पट किंवा निम्म्या वेगात वाजू लागला तर कारण हेच.

मेट्रोनोम पहिल्या ठोक्याला जोर देतो आणि बाकीचे सारखे वाजवतो. त्रितालाच्या गाण्याला चालून जातं. रूपकात गाणारा त्याने गडबडतो: तिथे सम ‘खाली’ या टाळी नसलेल्या मात्रेवर आहे, आणि ३-२-२ ही विभागणी ऐकू आली नाही तर सात मात्रा नुसत्या मोजत बसावं लागतं. रीपरमध्ये मेट्रोनोमचा नमुना बदलता येतो. रूपकाला ३-२-२, झपतालाला २-३-२-३ असे जोर भरा. त्यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे मेट्रोनोम बंद करून साधा ठेका मिडीत भरणं. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ ऐकून गाणारा जसा निवांत गातो, तसा टिकटिक ऐकून गात नाही.

आता क्वांटाइझ. वाजवलेले ठोके जवळच्या रेषेवर ओढून बसवण्याची ही सोय नवख्यांना जादू वाटते. शंभर टक्के लावलंत की केरव्याचा झोल गेला. ‘धा गे ना ती, न क धी ना’ यातली अक्षरं कुठल्याही चांगल्या वादकाच्या हातून समान अंतरावर पडत नाहीत. काही पुढे ढकललेली असतात, काही ओढून धरलेली. म्हणून क्वांटाइझची ताकद ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सिक्वेन्सरमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ आहे: खऱ्या तबल्याचं एक आवर्तन ध्वनिमुद्रित करा, त्याची चाल काढून घ्या आणि ती बाकीच्या मिडी वाद्यांना लावा. ही वाट लांबची आहे, पण फरक लगेच ऐकू येतो.

अभंगाची गती गाण्याभर एकच नसते. ८० मात्रांवर सुरू होऊन शेवटी ती ९२ वर जाते, आणि वाढ साधारणपणे कडवं संपून ध्रुवपद परत घेताना होते. त्यामुळे गतीची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिरकी ओढू नका. प्रत्येक ध्रुवपदाच्या समेवर दोन-तीन मात्रांनी चढवा.

भावगीत मोकळं असेल, तर उलट्या बाजूने काम करा. आधी गायकाला हार्मोनियमवर, मेट्रोनोमशिवाय गाऊ द्या. मग ते ध्वनिमुद्रण समोर ठेवून प्रत्येक समेवर टेम्पो मार्कर (तिथली गती सांगणारी खूण) लावत जा. आता संगणकच गायकाच्या मागे चालतो. चार मिनिटांच्या गाण्याला तास-दीड तास लागतो. कंटाळवाणं आहे, पण ठरलेल्या टिकटिकीवर गायलेलं ‘मोकळं’ गाणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सापळा: रीपरमध्ये ऑडिओचे तुकडे मूळ सेटिंगनुसार मात्रांना बांधलेले असतात. नंतर गती बदलली की गळाही ताणला जातो. मार्कर लावण्याआधी त्या ट्रॅकचा ‘टाइमबेस’ बदलून ‘टाइम’ करा.

लूपबद्दल एक इशारा. मूळ गतीच्या आठ-दहा टक्के इकडे-तिकडे ताणलेला तबला चालतो. १४० चा लूप १०० वर आणलात की चाटीचा टणकार चिरफाळतो आणि डग्ग्याचा घुमारा थरथरतो.

६. तानपुरा घाला, पण त्याला तालाशी बांधू नका

तानपुऱ्याचं आवर्तन गाण्याच्या मात्रांपासून स्वतंत्र असतं. त्याचा ऑडिओ आणा, टाइमबेस ‘टाइम’ ठेवा आणि जोड देताना दोन तुकडे दोन-तीन सेकंद एकमेकांवर चढवून क्रॉसफेड करा, म्हणजे एक हळूहळू उतरताना दुसरा चढेल. छोटा लूप फिरवत ठेवला तर दर काही सेकंदांनी गचका ऐकू येतो.

इथे एक प्रश्न येतो जो इंग्रजी धड्यांत सहसा नसतो. सिक्वेन्सरमधली वाद्यं समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेली असतात. तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार त्यांच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका स्वरस्थानाचे १०० सेंट) खाली असतो. काळी १ चा खर्ज १३८.५९ हर्ट्झ धरला तर त्याचा पाचवा उपस्वर ६९२.९५ हर्ट्झवर येतो. सिंथेसायझरचा त्याच जागेचा गंधार ६९८.४६ वर. दोन्ही एकत्र लांबवले की सेकंदाला साडेपाच वेळा थरथर होते. पंचमाचा फरक फक्त २ सेंट, तो ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल.

मग करायचं काय? लांब धरलेल्या स्ट्रिंग्ज किंवा पॅडमध्ये (मागे भरून राहणारा सिंथेसायझरचा आवाज) फक्त षड्ज-पंचम ठेवा आणि गंधार, धैवत, निषाद छोट्या तुकड्यांपुरते वापरा. किंवा गंधाराचं वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन १४ सेंट खाली उतरवा. स्वरस्थानं स्वतः लावता येणारे सिंथही आहेत; ‘सर्ज एक्सटी’ फुकट आहे आणि ‘स्काला’ प्रकारच्या स्वरफाइल वाचतो. गाण्यात तानपुरा नसेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

७. कोणतं वाद्य संगणकाला द्यायचं

*हार्मोनियम.* संगणकावर हे छान जमतं, कारण मुळातच त्यात मींड नाही. पण हार्मोनियमची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही; तो भात्यावर ठरतो. म्हणून सगळ्या स्वरांचा जोर १०० असा सारखा करा आणि भात्याचा चढ-उतार ११ क्रमांकाच्या कंट्रोलरने (स्वराशिवायच्या बदलांची मिडी आज्ञा), म्हणजे ‘एक्स्प्रेशन’ने, रेषा काढून द्या. ओळीच्या शेवटी किंचित उतार दिलात की निम्मं काम झालं.

*सतार, सारंगी, बासरी.* मींड मिडीत पिच बेंडने, म्हणजे वाजता स्वर वर-खाली वाकवणाऱ्या आज्ञेने, काढावी लागते. बेंडचा मूळ आवाका वर-खाली दोनच स्वरस्थानांचा असतो, तो १२ करून घ्या. ट्रॅकच्या सुरुवातीला या क्रमाने कंट्रोलर भरा: १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला १२. काही वाद्यं या आज्ञा मानत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाका बदलावा लागतो. दोन्हीकडचा आकडा जुळला नाही तर मींड चुकीच्या स्वरावर जाऊन थांबते.

बेंडला १६३८४ पायऱ्या असतात आणि मधला बिंदू ८१९२. आवाका १२ असेल तर एक स्वरस्थान ६८३ पायऱ्यांचं. रिषभावरून शुद्ध गंधारावर जायला ८१९२ वरून ९५५७ वर. सरळ रेषेने गेलात तर सायरन वाजल्यासारखं वाटतं. खरी मींड निघताना रेंगाळते, मधे पटकन सरकते आणि पोचताना पुन्हा मंदावते, म्हणून वक्र रेषा काढा. पुढचा स्वर सुरू होण्याआधी बेंड मध्यावर आणायला विसरलात तर तिथून पुढचं सगळं बेसूर. आणि बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, एका स्वराला नाही. सतारीच्या तरफा किंवा चिकारीचे स्वर त्याच चॅनेलवर असले तर तेही वाकतात. चिकारी वेगळ्या चॅनेलवर काढा.

एवढं करूनही चार-पाच स्वरांची मींड पटत नाही, कारण सॅम्पल ताणलं की तारेचा पोतही बदलतो. छोट्या हरकतींपर्यंत ठीक. सतार किंवा बासरीचा खरा तुकडा हवा असेल तर वादकाला बोलवा. एका तासात तो जे देऊन जाईल ते माउसने आठवडाभरात होणार नाही.

*तबला, ढोलकी.* साधा ठेका संगणकावर निभतो. दायाँ एका चॅनेलवर आणि डग्गा दुसऱ्यावर ठेवा, म्हणजे डग्ग्याच्या ‘घे’ला मनगटाच्या दाबाने चढणारा स्वर बेंडने देता येईल. उघडा ‘ना’ आणि बंद ‘ते’ एकाच चोक ग्रुपमध्ये घाला (त्यातला नवा आवाज आधीचा बंद करतो), नाहीतर बंद बोलाखाली आधीची आस वाजत राहते. तिरकिटला मात्र मर्यादा आहे: १२० मात्रांच्या गतीत मात्रेला चार अक्षरं म्हणजे प्रत्येकाला १२५ मिलिसेकंद, आणि प्रत्येक अक्षराचं सॅम्पल सुटं वाजवलेलं असतं. ती बोटं एकातून एक निघाल्यासारखी कधी वाटत नाहीत. लावणीतल्या ढोलकीसाठी तर प्रयत्नसुद्धा करू नका. तोडे, तिहाया, लग्गी जिथे आहेत तेवढे भाग माणसाकडून वाजवून घ्या आणि बाकी ठेका संगणकाचा ठेवा, ही तडजोड बऱ्याच गाण्यांत चालते. मात्र दोन्ही तबले एकाच सुरात लागलेले हवेत.

*टाळ.* सॅम्पलचा टाळ तोच तो वाजत राहिला की यंत्रासारखा टोचतो. देवघरातला टाळ घ्या, माइकपासून दोन हात लांब धरून मिनिटभर वाजवा. उघडा, दाबलेला, हलका, जोराचा, असे दहा-बारा वेगवेगळे ठोके मिळाले की तेच आलटून-पालटून वापरा. सगळ्या यादीत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

बेस, पॅड, स्ट्रिंग्ज, घुंगरांची साधी लय ही कामं संगणकावर निर्धास्त सोपवा.

८. गळा

पंखा बंद, फ्रिज पलीकडच्या खोलीत, भिंतीला दोन गोधड्या. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून गायलं तर खोलीचा प्रतिध्वनी बराच शोषला जातो. माइक तोंडापासून एक वीतभर, किंचित तिरका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोराचा स्वर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास यावा. एका मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते, तेव्हा घेतलेलं काही पुसू नका.

मागे ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला, तर दोष घरच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे. ध्वनिमुद्रण बॅटरीवर करा.

सूर दुरुस्त करणारं प्लगइन जपून वापरा. बारा स्वरांवर, वेगवान दुरुस्ती लावून सोडलंत तर ते मींडेच्या पायऱ्या करतं आणि आंदोलित कोमल गंधार सरळ करून ठेवतं. दुरुस्ती हवीच असेल तर एखाद्या थांबलेल्या स्वरापुरती, हाताने.

९. जतन करणं आणि पाठवणं

पहिल्याच दिवशी प्रोजेक्टसाठी स्वतंत्र फोल्डर करा. रीपरमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या पर्यायावर खूण करा. एबलटनमध्ये त्याला ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ म्हणतात. हे केलं नाही तर डाउनलोड फोल्डर साफ केला त्या दिवशी तबल्याचे लूप गायब. स्वयंचलित सेव्ह दर पाच मिनिटांनी चालू ठेवा, भारनियमनाच्या दिवसांत तर नक्कीच.

संगणक अडखळू लागला तर जड वाद्याचा ट्रॅक ‘फ्रीझ’ करा. मिडी तशीच राहते, तात्पुरता ऑडिओ तयार होतो. गाणं पूर्ण झाल्यावर मात्र प्रत्येक मिडी ट्रॅकचा कायमचा ऑडिओ काढून ठेवा, कारण पाच वर्षांनी ते प्लगइन नव्या संगणकावर चालेलच असं नाही.

पक्क्या मिक्सची पातळी उणे १४ लुफ्सच्या (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) जवळपास आणि शिखर उणे १ डेसिबल ठेवा. स्पॉटिफाय साधारण त्याच पातळीवर आवाज आणून वाजवतं, त्यामुळे त्याहून मोठा केलेला आवाज तिथे परत खाली येतो. मोठा करताना दबलेला तबल्याचा ठोका मात्र तसाच दबलेला राहतो.

गायिका पुण्यात आणि वादक परदेशात अशी कामं आता सर्रास होतात. तेव्हा प्रोजेक्टची फाइल पाठवू नका, स्टेम, म्हणजे एकेका ट्रॅकच्या सुट्या ऑडिओ फाइल, पाठवा:

- प्रत्येक ट्रॅक वेगळा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, आणि सगळे अगदी शून्य सेकंदापासून सुरू होणारे. बासरी दोन मिनिटांनी येत असली तरी आधीची शांतता फाइलमध्ये हवी.
- रिव्हर्ब (वरून दिलेला प्रतिध्वनी) बंद करून. हवं तर रिव्हर्बची वेगळी फाइल.
- फाइलच्या नावात गाणं, वाद्य, पट्टी आणि मात्रांची गती. गती बदलती असेल तर टेम्पो मार्करसह एक मिडी फाइल सोबत.
- तानपुरा वेगळा, म्हणजे वादकाला त्याच्यावर वाद्य लावता येईल.
- गायलेल्या गळ्याचा एक कच्चा मिक्सही द्या. नुसते स्टेम ऐकून चालीचा अंदाज येत नाही.

पाठवण्याआधी एक नवं, रिकामं प्रोजेक्ट उघडा, सगळे स्टेम शून्यावर टाका आणि शेवटच्या ध्रुवपदापर्यंत ऐका. एखादा ट्रॅक सरकलेला असेल किंवा ४८ ऐवजी ४४.१ किलोहर्ट्झमध्ये निघालेला असेल, तर तो तिथेच सापडतो.